मांडवावर चढणारी झुकिनी: त्रोंबोंचिनो लावायचा कसा, खायचा कसा

झुकिनी लावणाऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या तर फिरून फिरून दोनच गोष्टींवर येतात. झाड ऐन बहरात असताना एका दुपारी मान टाकतं ते पुन्हा उठतच नाही; आणि जी काही भाजी हाती लागते ती कढईत पडली की पाणी सोडून लगदा होते. या दोन्हींवर इटलीच्या एका कोपऱ्यात जुना उपाय आहे. वायव्य इटलीत, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये चेपलेला लिगुरिया नावाचा चिंचोळा प्रांत आहे. तिथल्या आल्बेंगा गावाभोवतीच्या सपाट पट्ट्यात लांब मानेचा, टोकाशी फुगीर, फिक्या हिरव्या रंगाचा एक वेलभोपळा पिढ्यानपिढ्या लावला जातो. हा त्रोंबोंचिनो. आल्बेंगाचा जांभळा अ‍ॅस्परॅगस, काटेरी आर्टिचोक, 'कुओरे दी बुए' टोमॅटो आणि हा भोपळा, अशी तिथल्या चार नामांकित भाज्यांची चौकडीच आहे.

तो खाल्ला जातो झुकिनीसारखा, म्हणजे कोवळा, सालीसकट. पण जातीने तो झुकिनी नाही. झुकिनी ही 'कुकुर्बिटा पेपो' या प्रजातीतली. त्रोंबोंचिनो 'कुकुर्बिटा मोस्काटा' या प्रजातीतला, म्हणजे बटरनटचा आणि अनेक लाल भोपळ्यांचा सख्खा नातेवाईक. भोपळ्यांची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. १४९२ नंतर ती युरोपात पोचली आणि तिथल्या माळ्यांनी आपापल्या आवडीप्रमाणे घडवली. प्रजातीतला हा फरक पुस्तकी वाटला तरी पुढच्या प्रत्येक पायरीवर तोच कामाला येतो. मोस्काटाचं खोड भरीव आणि चिवट असतं, त्यामुळे खोड पोखरणाऱ्या अळीला आत शिरणं जड जातं. गर घट्ट असतो, म्हणून परतल्यावर फोड फोडच राहते. आणि फळ तोडायचं राहून गेलं तर ते फुकट न जाता साठवणीचा भोपळा बनतं.

तोटेही आधीच सांगून टाकतो. हा झुडपासारखा आटोपशीर वाढत नाही. वेल चार-पाच मीटर सहज जातो, मोकळीक मिळाली तर त्याहून पुढे. झुडपी झुकिनी पन्नासेक दिवसांत फळ देऊ लागते, याला साठ ते सत्तर दिवस लागतात. चार कुंड्यांची गॅलरी असेल तर दुसरं काही लावा. एखादी भिंत, कुंपण, गच्चीचा कठडा किंवा मांडव घालायला जागा असेल तर मात्र याच्याइतकं भरभरून देणारं पीक घरच्या बागेत कमी सापडेल. चार माणसांच्या घराला दोन वेल पुरतात. तीन लावलेत तर शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवा.

बी घेताना

पाकिटावर एकच नाव असेल याची खात्री नाही. 'त्रोंबोंचिनो', 'त्रोंबेत्ता दी आल्बेंगा', 'झुक्केत्ता राम्पिकांते' अशी नावं या वाणाला लावली जातात. नावापेक्षा प्रजाती वाचा: पाकिटावर मोस्काटा लिहिलेलं हवं. हे पाहायचं कारण असं की सिसिलीतला 'कुकुत्सा' हाही लांबलचक, फिका हिरवा, वेलावर लोंबणारा असतो आणि चित्रात दोघं जुळे भाऊ वाटतात. कुकुत्सा म्हणजे चक्क दुधी, 'लॅजेनेरिया' वंशातला. फुलांवरून लगेच कळतं: दुधीचं फूल पांढरं, संध्याकाळी उमलणारं, त्रोंबोंचिनोचं पिवळंधमक, पहाटे उमलणारं. पण फूल येईपर्यंत दीड-दोन महिने गेलेले असतात, तेव्हा पाकीट वाचणं स्वस्त पडतं.

दुसरं पाहायचं ते हे की बी सरळ वाणाचं आहे, संकरित नाही. जुन्या वाणाचा निम्मा फायदा इथेच आहे. सरळ वाणाचं बी नीट धरलं तर पुढच्या वर्षी तसंच झाड येतं, आणि ते कसं धरायचं हे शेवटी सांगितलं आहे.

जागा, माती आणि आधी मांडव

ऊन दिवसाला किमान सहा तास हवं, आठ मिळालं तर उत्तम. माती निचऱ्याची. प्रत्येक वेलासाठी साधारण ४० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, त्यात कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट दोन पाट्या टाकून माती पुन्हा भरा आणि वर आळं करा. खत पूर्ण कुजलेलं असावं. कच्चं खत मुळं भाजतं. दोन वेलांमध्ये मीटरभर अंतर ठेवा. हे अंतर पेरताना फार वाटतं आणि दीड महिन्यानंतर कमी वाटतं.

कुंडीतच लावायचा हट्ट असेल तर ५० लिटरपेक्षा लहान भांडं घेऊ नका, आणि एका भांड्यात एकच वेल.

मांडव बी पेरण्याआधी उभा करा. वेल मोठा झाल्यावर खांब ठोकायला जाल तर मुळं तुटतील आणि ताण्यांनी एकमेकांना घातलेल्या मिठ्या सोडवता सोडवता शेंडेही मोडतील. उंची दोन मीटर, म्हणजे हात वर करून फळ तोडता येईल इतकी. खांब जाडजूड हवेत, किमान अर्धा मीटर जमिनीत गाडलेले. पूर्ण वाढलेलं एक फळ दोन-तीन किलो भरू शकतं आणि पानांचा पडदा वाऱ्यात शिडासारखा फुगतो, तेव्हा शेंगवर्गीय वेलांना चालणारी सुतळीची नाजूक जाळी इथे टिकणार नाही. दणकट तारेची, हात आत जाईल इतक्या मोठ्या चौकटींची जाळी घ्या. बारीक जाळीत कोवळं फळ अडकतं, तिथेच फुगतं आणि मग तोडायची पंचाईत होते.

मांडव नसला तरी वेल जमिनीवर पसरतोच. त्याचा एक फायदाही आहे: पेऱ्यांवर माती ओढली की तिथे नवी मुळं फुटतात आणि मुख्य खोडाला इजा झाली तरी वेल जगतो. पण जमिनीवरची फळं वेटोळी होतात, खालच्या बाजूने डागाळतात आणि पानांखाली लपतात. लोंबणारं फळ सरळ वाढतं आणि दिसतं. या पिकात दिसणं फार महत्त्वाचं आहे.

पेरणी

लिगुरियात एप्रिल-मेमध्ये पेरतात, पण महिन्यापेक्षा मातीची ऊब पाहा. माती १८ अंशांच्या वर हवी; २५ अंशांच्या आसपास बी आठवडा-दहा दिवसांत वर येतं. १८ अंशांहून थंड आणि ओल्या मातीत ते उगवण्याआधी कुजतं. हिमकण पडणाऱ्या ठिकाणी शेवटचं हिम होऊन गेल्याशिवाय घाई करू नका, कारण एका रात्रीचं हिम रोप काळं पाडतं.

प्रत्येक आळ्यात दोन-तीन बिया, दोन ते अडीच सेंटीमीटर खोल, आडव्या टाका. बी रात्रभर भिजवायची गरज नाही, भिजवलं तर बिघडत नाही. रोपांना दोन खरी पानं फुटली की सगळ्यात जोमदार ठेवा, बाकीची उपटू नका तर कात्रीने बुडाशी छाटा, म्हणजे राहिलेल्याची मुळं हलत नाहीत. घरात आधी रोप करायचं असेल तर लागणीच्या तीन आठवडे आधी, मातीत विरघळणाऱ्या कुंडीत करा. भोपळ्याच्या मुळांना ढवळलेलं सोसत नाही.

पहिला महिना ते फळधारणा

पहिले तीन आठवडे वेल काहीच करत नाही असं वाटेल. तो खाली मुळं पसरत असतो. या काळात तण काढत राहा आणि माती तापून सुकायला लागली की बुडाशी वाळलेल्या पाल्याचं किंवा गवताचं चार बोटं जाड आच्छादन घाला, खोडाला न चिकटवता. नंतर आठवड्याला अडीच-तीन सेंटीमीटर पावसाइतकं पाणी द्या, सकाळी आणि बुडाशी. भर उन्हात पानं मलूल दिसली म्हणून लगेच नळी हाती घेऊ नका. संध्याकाळी ती आपोआप ताठ झाली तर पाणी पुरेसं आहे. संध्याकाळीही मलूलच राहिली तर मात्र माती बोटभर खोल तपासा.

फुलं दिसू लागल्यावर एकदा आणि पहिली तोडणी झाल्यावर एकदा, असं दोनदा कंपोस्टची भर द्या. नत्राचा मारा करू नका. युरियावर पोसलेला वेल डोळ्यांना हिरवागार दिसतो आणि फळ मात्र उशिरा धरतो.

वेल मांडवावर पोचेपर्यंत मुख्य शेंडा हाताने वळवून जाळीत ओवा, मऊ कापडी पट्टीने सैल बांधा. पुढे ताणे स्वतःच काम करतात. मांडवाच्या टोकाशी पोचला की शेंडा खुडा. बगलफुटी येतात आणि मादी फुलं पुष्कळदा या बगलफुटींवर चांगली धरतात. फार दाटी झाली तर बुडाजवळची जुनी, पिवळी पानं काढून हवा खेळती ठेवा. याहून जास्त छाटणी नको. पानं म्हणजे कारखाना आहे.

पहिल्यांदा लावणारे इथे घाबरतात: फुलं भरपूर, फळ एकही नाही. हे बरोबर आहे. आधी आठवडा-दोन आठवडे नुसती नर फुलं येतात, बारीक लांब देठावर. मग मादी फुलं दिसू लागतात, त्यांच्या पाकळ्यांमागे बोटाएवढं इवलंसं फळ आधीपासूनच असतं. फूल पहाटे उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. त्या चार-पाच तासांत मधमाश्यांनी किंवा भुंग्यांनी परागकण पोचवले नाहीत तर ते इवलं फळ पिवळं पडून गळतं किंवा टोकाकडून सुकत जातं. माश्या कमी असतील तर तुम्हीच करा: सकाळी ताजं नर फूल तोडा, पाकळ्या सोलून टाका आणि मधल्या पिवळ्या दांड्याने मादी फुलाच्या मधल्या भागावर हळुवार फिरवा. एक नर फूल दोन-तीन माद्यांना पुरतं. कडक उन्हाळ्यात, पारा ३५ च्या वर गेला की परागकणच दुबळे पडतात आणि कितीही घासलं तरी फळ धरत नाही. तेव्हा वाट पाहा, ऊन उतरलं की वेल पुन्हा सुरू होतो.

कीड आणि रोग

खोड पोखरणारी अळी याला फारशी बाधत नाही हे वर आलंच, पण बाकीच्या कटकटी भोपळावर्गाच्या त्याच आहेत. लहान रोपांची पानं चाळणीसारखी करणारे लाल भुंगेरे पहिल्या महिन्यात त्रास देतात. पहाटे ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका, किंवा फुलं येईपर्यंत रोपांवर पातळ जाळीचं कापड घाला. फुलं आली की कापड काढायलाच हवं, नाहीतर माश्या आत येणार कशा? फळमाशी असेल तिथे तोडणी वेळेवर करणं आणि पडलेली, डंख मारलेली फळं उचलून नष्ट करणं हाच मुख्य उपाय. ती बागेत कुजत ठेवणं म्हणजे पुढच्या पिढीची सोय करणं.

भुरी शेवटी येतेच. पानांवर पिठासारखा पांढरा थर दिसतो. मात्र पान उलटून पाहिल्याशिवाय निदान करू नका, कारण मोस्काटाच्या पानांवर शिरांच्या कोपऱ्यांत रुपेरी-पांढरे ठिपके जन्मजातच असतात. बोटाने पुसलं जातं ती भुरी. न पुसणारा ठिपका वाणाचा. सुरुवात असताना ती पानं काढा, पाणी पानांवर पडू देऊ नका. हंगाम संपत आलेला असेल तर लढाई लढण्यात अर्थ नाही.

तोडणी: सगळं काही इथेच ठरतं

या वाणात वाढवणं अवघड नाही, तोडायची वेळ साधणं अवघड आहे. फळ २० ते ३० सेंटीमीटर लांब, मनगटापेक्षा बारीक, साल तुकतुकीत आणि फिकी हिरवी असताना तोडा. नखाने हलकं दाबलं की खूण उमटली पाहिजे. या वयात बी नावापुरतं असतं आणि तेही फक्त टोकाच्या फुगीर भागात. बाकीची सगळी मान भरीव गराची. झुकिनीची चकती मधोमध बियांनी भरलेली असते, याची शेवटपर्यंत एकसंध. इथूनच याच्या स्वयंपाकाची मजा सुरू होते.

ऐन हंगामात फळ दिवसाला काही सेंटीमीटर वाढतं. दोन दिवसांआड मांडवाखालून एक फेरी मारा, आणि ती खालून वर बघत मारा, कारण फळं पानांच्या मागे लोंबतात. धारदार चाकू किंवा कात्री वापरा, देठाचा दोन सेंटीमीटर भाग फळाला राहू द्या. ओढून तोडलं तर वेल सोलला जातो.

अर्धा मीटर लांबीचं फळ निसटलेलं सापडलं तरी ते वाया गेलं असं नाही. फुगीर टोक कापून बाजूला काढा, मानेची साल सोला, ती अजून भाजीची आहे. टोकातल्या बिया कोरून काढल्या की सारण भरायला आयती वाटी मिळते. मात्र साल मंद होऊन नख लागेनासं झालं की ते ना कोवळं ना पिकलेलं अशा अधल्यामधल्या, निबर अवस्थेत असतं आणि खायला सगळ्यात कंटाळवाणं. अशा फळाला हात न लावता वेलावरच पिकू द्या. पण एका वेलावर असं एक किंवा दोनच ठेवा. पिकणारी फळं वेलाची ताकद खेचतात आणि नवी धरणं मंदावतं.

एक सूचना गंभीरपणे घ्या. भोपळावर्गातलं कुठलंही फळ शिजवण्याआधी कच्चा तुकडा चाखा. कडू लागला तर थुंका आणि पूर्ण फळ फेकून द्या, साखर-मसाल्यात लपवू नका. कडवटपणा कुकुर्बिटॅसिन या विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजवल्याने ती जात नाहीत. २०१५ साली जर्मनीत घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची भाजी खाऊन एका वृद्ध गृहस्थांचा मृत्यू झाला होता. पाकिटातल्या खात्रीच्या बियांच्या फळात ही वेळ क्वचितच येते, तरी चाखायला एक क्षणच लागतो.

कोवळ्या फळाचा स्वयंपाक

गर घट्ट, चव किंचित सुक्या मेव्याची. म्हणून झुकिनीला करतात तसं मीठ लावून पिळणं वगैरे इथे नको. साल काढू नका, धुऊन पुसलं की पुरे.

पहिलं फळ कच्चंच खाऊन बघा. सोलाण्याने लांब पातळ पट्ट्या काढा, मीठ, लिंबाचा रस आणि चांगलं ऑलिव्ह तेल, वर किसलेलं पार्मिजानो. दहा मिनिटं मुरू द्या. शाकाहारी वाचकांसाठी: अस्सल पार्मिजानो करताना वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, वापरतात, तेव्हा चालत नसेल तर शाकाहारी रेनेटचं कुठलंही कडक, जुनं चीज घ्या. पुढच्या सगळ्या कृतींना हे लागू.

रोजच्यासाठी: अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या करा. जड तव्यात दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, त्यात ठेचलेली लसणाची पाकळी. लसूण सोनेरी झाला की काढून टाका. चकत्या एका थरात पसरा, मोठ्या आचेवर तीन मिनिटं हात न लावता ठेवा, खालून तांबूस झाल्या की उलटा. मीठ शेवटी. आच बंद करून मूठभर ताजा मरवा चुरडून टाका. मरवा म्हणजे लिगुरियन स्वयंपाकघराचा जीव. तिथल्या भाज्यांच्या सारणात तो नसला तर ते सारण तिथलं वाटत नाही. झाकण ठेवू नका, वाफेत या भाजीचा खमंगपणा मरतो.

पण हातात वेळ असेल तर तोर्ता करा. लिगुरियात भाजी आणि तांदूळ भरलेला असा पातळ पारीचा खारा तोर्ता घरोघरी होतो, आणि त्रोंबोंचिनो त्यासाठी मला झुकिनीपेक्षा कितीतरी सरस वाटतो. पारीसाठी २५० ग्रॅम मैदा, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, चिमूटभर मीठ आणि साधारण १२० मिलिलिटर कोमट पाणी. लोणी नाही. मऊसर मळून झाकून अर्धा तास ठेवा. सारणासाठी ७०० ग्रॅम त्रोंबोंचिनो अगदी पातळ, कागदाहून थोडा जाड चिरा. त्यात एक कांदा उभा पातळ चिरून, चमचाभर मीठ आणि ८० ग्रॅम आखूड दाण्याचा कच्चा तांदूळ घाला. हो, कच्चाच. हे दोन तास ठेवा आणि मधून मधून ढवळा. मिठाने भाजीला पाणी सुटतं, तांदूळ ते पितो आणि नंतर भट्टीत त्याच रसात शिजतो. याच कारणाने तोर्ता खालून ओला होत नाही. दोन तासांनी दोन अंडी, ६० ग्रॅम किसलेलं चीज, दोन मोठे चमचे तेल आणि भरपूर मरवा मिसळा.

पिठाचा दोन-तृतीयांश भाग अगदी पातळ लाटून तेल लावलेल्या २८ सेंटीमीटरच्या पसरट ताटलीत काठाबाहेर लोंबेल असा अंथरा. सारण पसरा, थर तीन सेंटीमीटरहून जाड नको. उरलेल्या पिठाची पोळी वर घाला, कडा आत दुमडून मुरडा, वर तेलाचा हात फिरवून काट्याने टोचे मारा. १९० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं, वरून नीट तांबूस होईपर्यंत. भट्टीतून काढल्या काढल्या कापू नका. कोमट झाल्यावर तो आवळतो, आणि दुसऱ्या दिवशी गार तोर्ता जास्त चांगला लागतो यावर माझं ठाम मत आहे.

फुलंही सोडू नका. नर फुलं फळ देत नाहीत, तेव्हा परागीभवनापुरती चार ठेवून बाकीची सकाळी उमललेली असताना तोडा, आतला दांडा काढा आणि झोपलेल्या मुंग्या-किडे झटका. ३०० ग्रॅम उकडलेला बटाटा, १०० ग्रॅम उकडून बारीक चिरलेली फरसबी, अर्धी पाकळी लसूण, चीज, मरवा आणि बांधून यायला एक अंडं असं सारण करा. अंडं वगळायचं असेल तर बटाटा थोडा वाढवा. फूल निम्मंच भरा, पाकळ्यांची टोकं पिळून बंद करा, तेल लावून १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. सारण ठासून भरलं तर फूल फाटतं.

पिकलेलं फळ आणि त्यातलं बी

वेलावर ठेवलेलं फळ हळूहळू हिरव्याचं पिवळट-तपकिरी होतं, साल कडक होते, देठ वाळतो. पेरणीपासून साधारण शंभर दिवस किंवा अधिक. नख अजिबात लागत नाही अशा वेळी देठासकट कापा, दहा दिवस उबदार, हवेशीर, पावसापासून सुरक्षित जागी ठेवा म्हणजे साल पक्की होते. मग थंड, कोरड्या ठिकाणी ते महिनोन्महिने टिकतं.

चवीबद्दल स्पष्ट सांगायचं तर पिकलेला त्रोंबोंचिनो बटरनटइतका गोड नाही. थोडा फिका आणि पाणीदार असतो. म्हणून तो उकडू नका. मोठ्या फोडी तेल-मीठ लावून २०० अंशांवर कडा करपट होईपर्यंत भाजा, मग त्याचं सूप किंवा सारण करा. पश्चिम लिगुरियात भोपळ्याचं सारण भरून तळलेल्या 'बार्बाजुआई' नावाच्या करंज्या करतात, त्यात चीज आणि तांदूळही असतो. भाजून आटवलेला हा गर त्यासाठी चांगला.

पुढच्या वर्षीसाठी बी धरायचं असेल तर याच फळातून मिळेल, पण त्याची तयारी फूल असतानाच करावी लागते. त्रोंबोंचिनोचा संकर जवळपासच्या बटरनटशी किंवा मोस्काटा जातीच्या लाल भोपळ्याशी सहज होतो, आणि माश्या कुंपणं मानत नाहीत. झुकिनी मात्र दुसऱ्या प्रजातीची असल्याने शेजारी लावली तरी सहसा अडचण नाही. आठशे मीटरपर्यंत दुसरा मोस्काटा नसेल तर माश्यांवर सोडून दिलं तरी चालेल. इतका निर्धास्त परिसर फार कमी जणांना मिळतो, म्हणून हाताने करा. संध्याकाळी, उद्या उमलणार अशी पिवळी टोकं दिसणारी एक मादी कळी आणि दोन नर कळ्या शोधा, तिन्हींची तोंडं चिकटपट्टीने बंद करा. नर कळ्या शक्यतो दुसऱ्या वेलावरच्या घ्या. सकाळी उघडून परागकण लावा, मादी फूल पुन्हा बंद करा आणि देठाला रंगीत दोरा बांधा, नाहीतर महिन्याभराने कुठलं फळ राखायचं होतं ते आठवत नाही.

फळ पूर्ण पिकल्यावर तोडून किमान तीन आठवडे तसंच राहू द्या. या काळात आतलं बी भरत असतं. मग फुगीर टोक चिरा, बिया काढून चोळून धुवा, पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ बिया टाकून द्या. बाकीच्या ताटलीत एका थरात, सावलीत पसरून आठ-दहा दिवस वाळवा. कागदावर पसरू नका, चिकटून बसतात. बी वाकवलं की मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर अजून ओलं आहे. हवाबंद बरणीत, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवलं तर चार-पाच वर्षं उगवण चांगली राहते. बरणीवर वाणाचं नाव, साल आणि फूल हाताने बांधलं होतं की माश्यांवर सोडलं होतं, हे तिन्ही लिहा.